बिडाच्या पोटातला आवाज

"ही गोष्ट तुम्हाला खरी वाटायची नाही," असं म्हणून बापू गुरसाळे चहाचा पहिला घोट घेत. समोरच्याच्या चेहऱ्यावर खरंच अविश्वास उमटला, की मग समाधानानं दुसरा. खांबेटेवाडीच्या कारखान्यासमोरच्या टपरीवर बसून त्यांनी अशा किती गोष्टी सांगितल्या असतील, त्याला गणती नाही. त्यांतल्या एकीलाही पुरावा नव्हता, आणि एकीलाही श्रोता कमी पडला नाही.

या गोष्टींचे कायमचे नायक म्हणजे बापूंचे आजोबा. कधी ते कृष्णेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून तीन गावं ओलांडत, कधी एका कलेक्टराला पत्त्यांत हरवून त्याची टोपी घालून घरी येत. पण बापूंची सगळ्यांत लाडकी गोष्ट रंगूनची. "चरकाच्या साली आमचे आजोबा रंगूनला होते. सर्कशीत. वाघाचं एक बछडं आईविना पोरकं झालेलं, त्याला बाटलीनं दूध पाजायचं काम आजोबांकडे. दोन वर्षं त्यांनी हिंदुस्थानचं तोंड पाहिलं नाही!"

चरकाचं साल म्हणजे ज्या साली रावबहादूर त्र्यंबकराव खांबेट्यांनी ऊस पिळायचा पहिला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, चरक ओतला, ते साल. खांबेटेवाडीत काळ असाच मोजतात. कोणाचा आजा चरकाच्या आधी जन्मलेला असतो, तर कोणाची विहीर चरकानंतर खणलेली असते. सरकारी सनावळी फक्त आधार कार्डावर.

पण आजची गोष्ट आजोबांची नाही, खुद्द बापूंची आहे, आणि ती तर तुम्हाला मुळीच खरी वाटणार नाही. शंभर वर्षं मुकाट उभा असलेला चरक एका सकाळी भर सभेत बोलला. ज्यांनी ऐकलं, त्यांनाही दुसऱ्या दिवशी खरं वाटेना. तेव्हा विश्वास ठेवा असा आग्रह नाही. ऐका म्हणजे झालं.

बापूंचा धंदा होता मेलेल्या माणसांना आवाज देण्याचा. पूर्वी टीव्हीवर 'उद्योगमहर्षी' नावाची मालिका लागायची. दर रविवारी एक जुना उद्योगपती: कोणी साबणवाला, कोणी गिरणीवाला, कोणी आगबोटवाला. पडद्यावर पागोटं घातलेला पिवळट फोटो हळूहळू मोठा होत जायचा आणि मागून धीरगंभीर आवाज यायचा: "मी जेव्हा या माळरानावर पहिलं पाऊल टाकलं..." तो आवाज बापूंचा. मालिकेच्या शेवटी नावं सरकत, त्यांत त्यांचं नाव कधी आलं नाही. कारण वाहिनीवाल्यांना लोकांनी असंच समजायला हवं होतं, की बोलतात ते साक्षात महर्षीच. आणि लोक तसंच समजत. एकदा एका गिरणीवाल्याच्या सुनेनं म्हणे टीव्हीसमोर डोक्यावर पदर घेतला होता. हे अर्थात बापूच सांगत.

रावबहादूर खांबेट्यांचा भाग करताना एक अडचण आली. शेवटी धुराड्यातून निघणाऱ्या धुराचं लांबलचक दृश्य होतं आणि संहिता मात्र धुराच्या आधीच संपलेली. काचेपलीकडून दिग्दर्शकानं हातानं खूण केली, बोलत राहा. बापूंनी श्वास ओढला. कुठलीही थाप मारण्याआधी त्यांच्या नाकातून 'ह्म्' असा बारीक हुंकार निघे, तसा निघाला. मग ते म्हणाले:

"लोखंड थंड व्हायलाच हवं, ते ओतणारे हात मात्र थंड होता कामा नयेत."

धूर संपला. काचेपलीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. बापू बिदागी घेऊन वडापाव खायला गेले.

ते वाक्य मात्र कुठल्या कुठे गेलं. आधी कारखान्याच्या कॅलेंडरवर, मग शाळेच्या फळ्यावर, मग पुढाऱ्यांच्या भाषणांत. शेवटी कारखान्याच्या मुख्य फाटकावर, बिडाच्या हातभर उंच अक्षरांत, खाली 'रावबहादूर त्र्यंबकराव खांबेटे' अशा नावासकट. बापू त्या फाटकाखालून जाताना मान वर करत नसत, पण छाती किंचित पुढे येई. आपलं वाक्य दुसऱ्याच्या नावावर का होईना, लोखंडात ओतलं गेलं. किती कवींच्या नशिबी हे येतं?

हे गुपित त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि एका माणसाला तर सांगावंसंही त्यांना कधी वाटलं नाही. ती म्हणजे त्यांची मुलगी कालिंदी.

कालिंदी धातुशास्त्र शिकलेली. पुण्यातली बरी नोकरी सोडून ती खांबेटेवाडीच्या मोल्डिंग शॉपमध्ये आली आणि आता त्या शॉपची प्रमुख होती. तिथं अजून माणसं हातानं वाळूचे साचे बांधत, भट्टीतला वितळलेल्या लोखंडाचा रस हातानं ओतत. पुण्याहून मुलाखतीला आली, तेव्हा ती फाटकासमोर उभी राहून ते वाक्य दोनदा वाचत होती. "बापू, ज्यानं हे म्हटलं, त्याच्या कारखान्यात मी झाडूसुद्धा मारीन," असं तिनं त्या दिवशी घरी येऊन सांगितलं. बापूंनी फक्त "वा!" म्हटलं होतं. जास्त बोलायची वेळ नव्हती ती.

आता कारखान्याची मालकी रावबहादुरांच्या पणतूकडे होती. देवव्रत खांबेटे, चाळिशीचा, हसतमुख, आणि हिशेबाला पक्का. त्याला मोल्डिंग शॉप मोडून तिथं यंत्रमानवांची ओतशाळा उभारायची होती. शॉपमधल्या सगळ्यांना घरी जावं लागणार हे उघड होतं. कालिंदी आठवड्यातून दोनदा त्याच्याशी भांडायला जाई आणि दोनदा हरून येई.

"त्याच्याकडं आकडे आहेत," ती ताटावर बसल्या बसल्या म्हणायची. "माझ्याकडं फाटकावरचं एक वाक्य."

बापू आमटी भुरकत राहायचे.

अशातच डॉ. सलोमी पारधे आल्या. त्या अहिल्यानगरकडच्या. बोलायला मोकळ्या, आणि डोक्यानं अशा तल्लख, की त्यांच्या शोधाची बातमी आली त्या दिवशी निम्मे शास्त्रज्ञ हसले आणि निम्म्यांनी धावत जाऊन आपापल्या प्रयोगशाळेतलं लोखंड तपासलं. वाहिनीनं 'उद्योगमहर्षी'चा नवा अवतार काढायचं ठरवलं होतं आणि पहिल्या भागासाठी त्यांना खांबेटेवाडीला आणलं होतं. त्या राहायला होत्या कालिंदीच्याच घरी, कारण गावात लॉज एकच होता आणि त्यातल्या ढेकणांची कीर्ती वाहिनीपर्यंत पोचली होती.

पहिल्याच सकाळी कालिंदी घावन घालत होती. बापूंनी विचारलं, "बाई, तुम्ही लोखंडाला बोलतं करता म्हणे. हे म्हणजे आमच्या पोटावर पाय! आजवर मेलेल्यांच्या वतीनं..." एवढं म्हणून ते थांबले. "म्हणजे, कसं काय बुवा?"

सलोमीबाईंनी तव्याकडे बोट केलं. "घावन बघा काका. पीठ टाकलं की आधी कडा धरते, मग जाळी पडत पडत आत येते. मध्यभाग सगळ्यांत शेवटी. बीड तसंच गोठतं. साच्याला टेकलेलं आधी, पोटातलं शेवटी. चरकाच्या रुळासारखा जाड तुकडा असेल, तर चांगला वेळ लागतो."

"बरं मग?"

"बिडात कार्बन असतो. गोठताना तो पापुद्र्यांसारखा सुटा होतो. हे पापुद्रे धरत असतानाच शेजारी कोणी बोललं, तर आवाजानं रस थरथरतो. अगदी नकळत. पण पापुद्रे जरासे तिरके बसतात. पुढच्या क्षणी दुसरा शब्द, दुसरा तिरकेपणा. कडेपासून पोटापर्यंत थरावर थर. झाडाच्या खोडातली वर्तुळं असतात ना, तशी. फरक इतकाच, की तिथं एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष, आणि इथं डोळ्याचं पातं लवेपर्यंत हजारो."

"आणि ती वर्तुळं तुम्ही वाचता?"

"न्यूट्रॉनचा झोत आरपार सोडतो. लोखंडाला ओरखडाही न काढता आतले थर दिसतात. मग संगणक त्यांचा पुन्हा आवाज करतो."

"म्हणजे," कालिंदी उलथनं हातात धरून वळली, "पहिला चरक ओतला तेव्हा तिथं जे बोललं गेलं..."

"ते चरकाच्या पोटात असणार. असेल तर."

कालिंदीचे डोळे असे लकाकले, की बापूंनी हातातला घावनाचा तुकडा परत ताटलीत ठेवला. कारण माहितीपटानं, म्हणजे बापूंनीच, जगाला असं सांगितलं होतं, की रावबहादुरांनी ते वाक्य पहिला चरक ओतताना, रसाच्या उजेडात उभं राहून उच्चारलं होतं.

पुढचं सगळं देवव्रतनं केलं. वाहिनीची मुलाखत, समोर कॅमेरा, अंगात नवा सदरा. माणूस अशा वेळी मोठा होतो. बोलता बोलता तो म्हणून गेला, "पणजोबांचे ते शब्द चरकाच्या पोटातून निघाले, तर मी असेपर्यंत मोल्डिंग शॉपला हात लावणार नाही. हा खांबेट्यांचा शब्द!" नाही निघाले, तर काय करणार, हे त्यानं सांगितलं नाही. ते सगळ्यांना समजलं.

त्या दिवसापासून शॉपमधली माणसं चरकाला नमस्कार करून कामावर जाऊ लागली. हैबती आण्णा नावाचे सगळ्यांत जुने मोल्डर होते, त्यांनी तर चरकाला हार घातला.

बापूंचं काय झालं असेल असं वाटतं? त्यांची झोप उडाली? मुळीच नाही. ते घोरले. थापा मारणाऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे आत्मविश्वास, आणि बापूंचा आत्मविश्वास बिडाहून जड. 'काहीतरी होईल,' ते स्वतःला म्हणाले, 'आजवर झालंच आहे. धूर लांबला तेव्हाही झालं होतं.' फक्त काय होणार आहे, ते आधी कळलेलं बरं, म्हणून चरक ऐकवायच्या सभेच्या आदल्या दिवशी दुपारी ते सलोमीबाईंच्या गाडीकडे गेले. कारखान्याच्या स्मृतिदालनाच्या अंगणात एक लांबलचक कंटेनर उभा होता. त्यात त्यांची प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेत पाळण्यातल्या बाळासारखा झोपवलेला चरक.

"या काका," बाईंनी स्टूल पुढे केलं. "एक गंमत ऐकवते."

त्यांनी कळ दाबली. बापूंनी कान टवकारले. काहीच ऐकू येईना. मग हळूहळू कोणाचा तरी श्वास. पाय सरकल्याची खसखस. कुठंतरी लांब एक कावळा. मग परत श्वास, पण आता अनेकांचे, आणि त्यांच्यामध्ये वाळूतून बुडबुडा सुटल्यासारखं काहीतरी.

"हे काय?"

"पहिला चरक. साच्यात रस पडल्यापासून गोठेपर्यंत. एक शब्द नाही काका! मी कुठकुठल्या कारखान्यांचं बीड ऐकलंय. शिव्या ऐकल्यात, गाणी ऐकलीत, साहेबाच्या नावानं बोटं मोडलेली ऐकलीत. इतकं गप्प बीड जन्मात पाहिलं नाही. आणि म्हणूनच बघा." त्यांनी पडद्यावर एक करडा गोल दाखवला. "आवाजाचा पट्टा म्हणजे कच्ची जागा. तडा जायचा तर तिथून जातो. यात पट्टाच नाही. एवढी वर्षं ऊस पिळून केसाइतकी चीर नाही! माझ्या नव्या यंत्रांच्या बैठकीला, म्हणजे खालच्या पायाला, असलंच बीड हवंय. थरथर न मुरलेलं. जगात कोणी देत नाही. यंत्रमानवांच्या ओतशाळा रात्रंदिवस गुणगुणतात, ती गुणगुण सगळी आत उतरते."

ज्याचा सगळा जन्म बोलण्यात गेला, त्याला गप्प बिडाचं काय कौतुक! बापू म्हणाले, "ते असू दे हो. रावबहादूर काय म्हणाले? उद्या सभेत काय ऐकवणार?"

बाईंचा चेहरा जरा उतरला. "ते मला फारसं पसंत नाही. पण वाहिनीशी करार आहे. अशी फाटकी नोंद असली, की संगणक ती भरून काढतो. गोधडीला ठिगळ लावावं तसं. त्यासाठी त्या माणसाच्या आवाजाचे नमुने लागतात. वाहिनीनं जुन्या माहितीपटातली रावबहादुरांची सगळी भाषणं दिली. यंत्र ती शिकलं आणि मग इथं त्याला जे ऐकू आलं, ते हे. खाली बारीक अक्षरांत 'पुनर्रचना' असं येईल, एवढं मी कबूल करून घेतलंय."

त्यांनी दुसरी कळ दाबली.

'ह्म्,' असा बारीक हुंकार आला. आणि मग चरक बोलला. धीरगंभीर, खर्जातला, एकेका अक्षराला तोलत: "लोखंड थंड व्हायलाच हवं, ते ओतणारे हात मात्र थंड होता कामा नयेत."

बापू स्टुलावरून अर्धे उठले. आरशातल्या आपल्या प्रतिमेनं आपल्याआधी डोळा मिचकावावा, तसं वाटलं. ज्या यंत्राला जगातलं सगळं लोखंड वाचता येत होतं, त्याला बापूंनी वडापावापुरत्या बिदागीवर मारलेली थाप ओळखता आली नव्हती. त्यानं ती गुरुमंत्रासारखी पाठ केली होती आणि रावबहादुरांच्या तोंडी घातली होती. हुंकारासकट!

त्यांनी तोंड उघडलं. 'बाई, तो आवाज माझा,' एवढंच म्हणायचं होतं. मग त्यांना शॉप दिसलं. कालिंदी दिसली, घावनाच्या तव्यापाशी वळलेली. फाटकही दिसलं, खोटं कशाला बोला. तोंड तसंच मिटलं. बापूंच्या आयुष्यात तोंड उघडून शब्द न बोलता मिटल्याची ही पहिली वेळ.

"कसं वाटलं काका?"

"अगदी हुबेहूब," बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा मोल्डिंग शॉपमध्येच भरली. वाळूचे ढीग बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध चरक, गळ्यात हैबती आण्णांचा हार. वाहिनीचे कॅमेरे. पहिल्या रांगेत देवव्रत. दुसऱ्या रांगेत कालिंदी, कामाच्या निळ्या कोटात, आणि तिच्या शेजारी बापू, ठेवणीतलं जाकीट घालून, लग्नातल्या व्याह्यासारखे निवांत.

सलोमीबाईंनी चार वाक्यांत शास्त्र सांगितलं, यंत्रानं लावलेल्या ठिगळांसकट, पण लोकांना शास्त्र नको होतं, चरक हवा होता. त्यांनी कळ दाबली.

'ह्म्,' चरक म्हणाला. आणि मग ते वाक्य.

शॉपच्या पत्र्यावर जणू गारा पडल्या, अशा टाळ्या! कोणी शिट्टी मारली. देवव्रतच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. तो उठला, चरकावर हात ठेवला आणि म्हणाला, "पणजोबा, शब्द दिला होता. पाळला. हे शॉप राहणार!" पुन्हा गारा. बापूंनी टाळ्या वाजवता वाजवता शेजारी पाहिलं.

कालिंदी टाळ्या वाजवत नव्हती. ती बापूंच्या नाकाकडे पाहत होती.

"बापू," ती हळूच म्हणाली, "हा हुंकार मी ओळखते. रंगूनच्या आधी येतो तो."

"काहीतरीच काय गं!"

"आणि ओतताना? ओतताना बोलले रावबहादूर?"

मागून हैबती आण्णांच्याही डोक्यात तोच किडा वळवळला असावा. ते मोठ्यानं पुटपुटले, "आयला, वतताना बोलला तर गेटाभाईर हुबा करायचा नेम म्हाताऱ्यानंच घातला न्हवं? मग ह्यो काय सवताच भाईर हुबा ऱ्हायला का काय?"

हशा पिकला, पण मोल्डर मंडळींचा हसताना आवाज जरा चाचरला. कारण नियम सगळ्यांना ठाऊक होता, फक्त फाटकावरच्या वाक्याला तो आजवर कोणी लावून पाहिला नव्हता. रस साच्यात पडायला लागला, की शॉपमध्ये कोणी तोंड उघडायचं नाही. वाळू ओली राहिली असेल, तर साचा फुटण्याआधी गुरगुरतो. ती गुरगुर ऐकली तर माणूस मागं सरतो, नाही ऐकली तर भाजतो. रावबहादुरांनी पहिल्या दिवशी घातलेला हा नियम आजतागायत मोडला नव्हता. बाहेरचे पाहुणे आले तर त्यांनाही तोंडावर बोट ठेवून उभं करत.

कालिंदी उठली. बापूंनी तिच्या कोटाची बाही धरली. "बस. शॉप राहतंय ना? बस!"

"ओलं आहे बापू हे," ती म्हणाली, "आज ना उद्या फुटेल." आणि पुढं गेली.

"मॅडम," तिनं सलोमीबाईंना विचारलं, "यंत्रानं भरलेलं काढून टाका आणि फक्त चरक ऐकवा. जमेल?"

बाई जणू कोणीतरी हे विचारण्याचीच वाट पाहत होत्या. "न जमायला काय झालं?"

देवव्रत उठू लागला, कॅमेरेवाले एकमेकांकडे पाहू लागले, तेवढ्यात कळ दाबली गेली.

श्वास. पायांची खसखस. लांबवरचा कावळा. वाळूतला एक बुडबुडा. आणि आश्चर्य असं, की तो आवाज सुरू होताच शॉपमधली सगळी मोल्डर मंडळी आपोआप गप्प झाली. ओततानाची सवय! शंभर वर्षांपूर्वीची माणसं आणि आजची माणसं एकाच वेळी श्वास रोखून एकाच साच्याकडं कान लावून होती. हैबती आण्णांनी तोंडावर बोट ठेवलं. कोणी खुर्ची सरकवली तर त्यांनी डोळे वटारले.

आवाज संपला. कालिंदी म्हणाली, "हे आमचं. ते आधीचं आमचं नाही."

"म्हणजे पणजोबा बोललेच नाहीत?" देवव्रतच्या तोंडचं पाणी पळालं. "मग मी दिलेला शब्द..."

"शब्द तुम्ही परत घ्या साहेब. पण थरथर न शिरलेलं बीड जास्त पक्कं असणार, एवढं धातुशास्त्र मला कळतं. फक्त मॅडमना एक विचारा, या गप्प राहण्याची किंमत काय."

सलोमीबाईंनी आदल्या दिवशी बापूंना सांगितलं, तेच आता सगळ्यांना सांगितलं. पट्टा म्हणजे कच्ची जागा. इथं पट्टाच नाही. असं बीड फक्त माणसांच्या ओतशाळेत होऊ शकतं, आणि तेही मुकाट माणसांच्या. "मला माझ्या यंत्रांच्या बैठकी इथंच ओतून हव्यात. आणि मी एकटी नाही. थरथर नको असलेले पुष्कळ आहेत, दुर्बिणीवाले आहेत, घड्याळवाले आहेत. त्यांना हे शॉप माहीत नाही, एवढंच."

देवव्रतच्या चेहऱ्यावरची भक्ती ओसरली आणि तिथं हिशेब आला. कालिंदीला भक्तीपेक्षा तो हिशेब अधिक भरवशाचा वाटला. त्यानं चरकाकडं पाहिलं, शॉपच्या पत्र्याकडं पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी गुणलं आणि म्हणाला, "मग हे मोडायला मी काय वेडा आहे? राहू दे शॉप."

या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा कमी होत्या, पण त्या मोल्डरांच्या होत्या, आणि मोल्डरांचे तळवे जाड असतात.

"पण," देवव्रत पुढं म्हणाला, "पणजोबा बोललेच नाहीत, तर फाटकावर ते वाक्य कशाला? कोणी कुठून आणलं कोण जाणे. उद्या उतरवून घ्या. भट्टीत टाका."

बापू गुरसाळे ताडकन उभे राहिले. शॉप वाचलं होतं, मुलगी जिंकली होती, दुसरा कोणीही बाप असता तर डोळे पुसत खाली बसला असता. पण हातभर उंच अक्षरं भट्टीत? त्यांनी वाहिनीच्या निवेदिकेच्या हातातला माइक असा घेतला, की तिला वाटलं आपणच दिला.

"थांबा!" तो आवाज ऐकताच कॅमेरेवाल्यांचीसुद्धा मान वर झाली. "वाक्य खरं आहे. रावबहादूर ओतताना बोलले नाहीत, कबूल. नियम म्हणजे नियम. ते बोलले नंतर! रस गोठला, सगळे बाहेर आले. फाटकाशी चिंच होती तेव्हा. तिच्याखाली रावबहादुरांनी घाम पुसला, शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला..."

 देवव्रत पुन्हा हळवा होऊ लागला होता. सलोमीबाईंची मान कललेली. बापूंनी पाहिलं, पकड बसली. धूर लांबला होता तेव्हासारखीच. त्यांनी श्वास ओढला.

"ह्म्... तो शेजारचा माणूस म्हणजे माझे आजोबा. चरकाच्या साली, त्या दिवशी, त्या चिंचेखाली, ते तिथं हजर होते. रावबहादुरांच्या तोंडून ते वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि मरताना माझ्या कानात..."

"बापू!" चरकापाशी उभ्या असलेल्या कालिंदीचा आवाज माइकशिवाय सगळ्या शॉपभर घुमला. "चरकाच्या साली तुमचे आजोबा रंगूनला वाघाला दूध पाजत होते! वाक्य तुमचं आहे, आवाजही तुमचाच आहे. फाटकावर नाव घाला स्वतःचं, आणि बसा खाली!"